उणे आठ साखळ्या

निवृत्ती शालान्त परीक्षेत गणितात नापास झाला, आणि त्याला नापास मी केले. त्याचा पेपर मी तपासला नव्हता. तो कुणी तपासला हे मला ठाऊकही नाही, आणि ज्याने तपासला त्याने न्यायानेच गुण दिले असणार. निवृत्तीने अभ्यास केला नव्हता असेही नाही. मी जे सांगितले ते अक्षर न अक्षर त्याने पेपरात उतरवले होते. नापास व्हायला तेवढे पुरले.

चिंचवडच्या हायस्कुलात मी गणित शिकवतो. आलो तेव्हा गावात नदीकाठचे देऊळ, बाजाराची एक वाट आणि आमची कौलारू शाळा यांपलीकडे सांगण्यासारखे काही नव्हते. पाहता पाहता मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या भिंती उठू लागल्या. पिंपरीला निर्वासितांची मोठी वसाहत झाली. शेतात जिकडेतिकडे मोजणीवाले साखळ्या ओढताना दिसायचे. शाळेत येणारी मुले त्यांच्याच मागून चालत यायची, आणि कोणाच्या बांधावर आज खुंटी ठोकली हे वर्गात पहिल्या तासालाच कळायचे.

या सगळ्याचा मी फायदा घ्यायचे ठरवले. बीजगणित रुक्ष असते अशी तक्रार मी विद्यार्थी होतो तेव्हापासून ऐकत होतो. मी ते शेतात नेले.

ज्यांनी शाळा सोडून बरीच वर्षे झाली त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन गोष्टी ठाऊक नाहीत, त्यांना क्ष आणि य म्हणायचे. त्यांच्याविषयी दोन बातम्या मिळतात. एक बातमी साधी असते. उदाहरणार्थ, शेताची लांबी रुंदीपेक्षा दोन साखळ्यांनी जास्त आहे. हे एकघाती समीकरण. दुसरी बातमी जरा गुंतागुंतीची असते. उदाहरणार्थ, शेताचे क्षेत्र अठ्ठेचाळीस गुंठे आहे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, तेव्हा लांबी गुणिले रुंदी अठ्ठेचाळीस. साध्या बातमीवरून लांबीला रुंदीच्या भाषेत मांडायचे आणि ते दुसऱ्या बातमीत नेऊन घालायचे. आता एकच अज्ञात उरते, पण त्याचा वर्ग झालेला असतो. वर्ग आला की उत्तरे दोन. इथे रुंदी सहा साखळ्या निघते, किंवा उणे आठ.

पुढची पायरी अशी की, प्रत्येक उत्तर घेऊन पुन्हा साध्या समीकरणाकडे जायचे आणि त्याचा जोडीदार शोधायचा. एका मांडवात दोन लग्ने असली की एकीच्या शालूची गाठ दुसरीच्या नवऱ्याच्या उपरण्याला बसायची भीती असते. इथेही तसेच आहे. मुले अर्धे गुण इथे घालवतात. मी मात्र मुलांना इथवर येऊच देत नसे. सहा साखळ्यांची रुंदी असू शकते. उणे आठ साखळ्या रुंदीचे शेत महाराष्ट्रात कुठे आहे? नाही ना? मग ती जोडी बाद. फळ्यावर तिच्यावर तांबड्या खडूने दोन रेघा मारायच्या आणि सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचे, "अग्राह्य!"

हा एकसूर फार लोकप्रिय झाला. मुलांना ओरडायला मिळायचे. शेजारच्या वर्गातले इतिहासाचे शिक्षक म्हणायचे, "तुमचं अग्राह्य झालं की आमची पानिपतची लढाई थांबते हो!" तपासणीला आलेल्या साहेबांनी शेऱ्यात लिहिले की, गणित जीवनाशी जोडण्याचा हा प्रयत्न अनुकरणीय आहे. तालुक्याच्या शिक्षकसंमेलनात मला व्याख्यानाला बोलावले. मी दोनशे शिक्षकांकडूनही "अग्राह्य" म्हणवून घेतले. त्या दिवशी घरी परतताना माझ्या पायांना जमीन लागत नव्हती.

कीर्ती पसरली तशी गिऱ्हाइकेही येऊ लागली. तळवड्याचे दोन भाऊ एकदा शाळेच्या आवारात येऊन बसले. त्यांच्या एका तुकड्याचे क्षेत्र कागदावर होते, लांबी-रुंदी मिळून चौदा साखळ्या एवढे दोघांना मान्य होते, पण लांबी किती नि रुंदी किती यावरून वाद. मी समीकरण मांडले आणि सांगितले, "एक बाजू सहा, एक आठ."

थोरला म्हणाला, "मंग रस्त्याकडची आठ."

धाकटा म्हणाला, "रस्त्याकडची सहा. मास्तरांनी सहा आदी म्हणलं."

"अहो, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत," मी म्हणालो.

"दोनी कशी बरोबर असतील?" थोरला उसळला. "मास्तर, तुमी त्याच्या बाजूचं हाय का माज्या?"

शेवटी एक उत्तर थोरला घेऊन गेला आणि एक धाकटा. पुढे म्हणे साखळी घेऊन प्रत्यक्ष मोजणी झाली, ती त्यांनी आधीच करायला हवी होती.

निवृत्तीचे वडील बाळोबा हे असेच एकदा आले होते, पण प्रश्न घेऊन नव्हे. त्यांची वाडी आकुर्डीच्या अलीकडे होती. रस्त्याकडची बरीचशी जमीन कारखान्यासाठी गेली होती आणि त्या कामासाठी ते कचेरीत खेपा घालत. परतताना मुलाला सोबत न्यायचे म्हणून व्हरांड्यात थांबले. आत आमचे अठ्ठेचाळीस गुंठे चालले होते. वर्ग "अग्राह्य!" म्हणून गरजला तसे खिडकीतून त्यांचे मुंडासे आत आले.

"मास्तर, येक इचारू का?"

"विचारा की."

"उणे आठ साखळ्या म्हंजी काय वो?"

"म्हणजे काही नाही, बाळोबा. अशी जमीन नसते. म्हणून ती आपण खोडली."

"नसती कशी? आमची हाय की तसली. परवाच मोजून गेलं." ते फळ्याकडे बघत म्हणाले, "लई सोपं केलंत राव तुमी. दोन रेघा मारल्या की झालं."

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. निवृत्ती हसला नाही. तो वहीत दोन रेघा मारत होता.

निवृत्ती हुशार नव्हता. हे मी त्याला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. एखादी गोष्ट त्याला स्वतःहून सुचायची नाही, पण सांगितलेली तो विसरायचा नाही. मी बोलताना खोकलो तर तोही लिहून घेईल, असे मुले म्हणायची. शिक्षकाला असा विद्यार्थी आवडतो. आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी कुणाला आवडत नाही? आणि त्याला पास व्हायचेच होते. जमीन घेताना कारखान्याच्या माणसांनी वाडीवर सांगितले होते की, मॅट्रिक झालेल्या मुलाला उमेदवारीत घेऊ, यंत्रावरचे काम शिकवू. बाळोबांनी गेलेल्या जमिनीच्या जागी मुलाचे मॅट्रिक धरले होते. उरलेल्या तुकड्यात दोन भावंडांसकट घर भागणारे नव्हते.

त्याच बाकावर किशन बसायचा. पिंपरीच्या वसाहतीतला सिंधी मुलगा. गिऱ्हाइके मराठी, तेव्हा मुलगाही मराठीत शिकू दे, म्हणून बापाने त्याला आमच्याकडे घातले होते. तो माझे मुळीच ऐकत नसे. वर्ग "अग्राह्य" ओरडला तरी त्याच्या वहीत उणे आठ आपले जागच्या जागी.

"किशन, हे खोडलं का नाहीस?"

"राहू द्या ना सर. समीकरणात घालून बघितलं, बसतं ते."

"पण त्याचा उपयोग काय?"

"आता नसेल. पुढे कधी लागलं तर?" मग जरा ओशाळून तो म्हणाला, "सर, आमच्या घरी आता काही टाकून देत नाहीत."

वर्ग हसला. मी त्याचे अर्धे गुण कापले. सगळे मागे टाकून आलेल्या घरातला मुलगा काय म्हणत होता, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आले नाही. मला त्याच्यात फक्त बेशिस्त दिसली.

परीक्षेचे केंद्र पुण्यात होते. बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी मुले परत यायच्या वेळी मी चिंचवड स्टेशनवर गेलो. अशी पद्धत नव्हती. मला राहवले नाही, एवढेच. गाडीतून पहिली उडी निवृत्तीची. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"सर, आपलंच गणित आलं! दोन्ही समीकरणांचं!"

"अरे वा! मग?"

"उत्तरं काढली. ऋण जोडीवर दोन रेघा मारल्या. पट्टीनं. खाली 'अग्राह्य' लिहिलं."

"शाबास!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघू पेपर."

त्याने घडी घातलेला कागद दिला. मी प्रश्न वाचला. क्ष उणे य बरोबर एक. क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग बरोबर पंचवीस. ही समीकरणे सोडवा.

त्यात शेत नव्हते.

शेत नाही, साखळी नाही, गुंठे नाहीत. नुसत्या दोन संख्या. चार आणि तीन ही एक जोडी. उणे तीन आणि उणे चार ही दुसरी. दोन्ही सारख्याच खऱ्या. संख्येला उणे असायला कुणाची हरकत नसते. हरकत शेताला असते. मी मुलांना वर्षभर इतके शेतात हिंडवले की शेताबाहेरही बीजगणित असते हे सांगायचे राहून गेले. खाली आणखी एक प्रश्न त्याच जातीचा होता. तिथेही त्याने रेघा मारल्या असणार, हे विचारायची गरज नव्हती.

मुले भोवती जमली होती. एकेकाने "आम्हीपण खोडलं, सर," असे अभिमानाने सांगितले. मागे उभा असलेला किशन खाली मान घालून म्हणाला, "मी दोन्ही ठेवलं, सर. सवय लागली. चुकलं ना?"

"बघू," मी म्हणालो.

त्या एका शब्दात मी जेवढा खोटेपणा केला तेवढा त्याआधी आयुष्यात केला नसेन. पण हा विक्रमही फार दिवस टिकला नाही.

निकाल लागला. बाकीच्या मुलांना ते गुण गेल्याचे कळलेही नाही. त्यांच्याकडे इतर प्रश्नांची शिल्लक होती. निवृत्ती काठावर होता, तो घसरला. कमी पडलेले गुण आणि रेघा मारलेल्या उत्तरांचे गुण मी मनात शेजारी शेजारी मांडले. रेघांचे गुण जास्त भरत होते. किशन उत्तम गुणांनी पास झाला आणि मिठाईचा पुडा घेऊन आला. त्याला उमेदवारी नको होती. त्याने बापाच्या दुकानात बसायचे ठरवले होते.

दुसऱ्या दिवशी बाळोबा मुलाला घेऊन शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत मला बोलावणे आले. बाळोबा उभेच होते. मुख्याध्यापक आपल्या खुर्चीत, मी खिडकीशी, निवृत्ती दाराला टेकून.

"मास्तर," बाळोबा म्हणाले, "मी अडानी मानूस. मला येवडंच सांगा, पोराचं काय चुकलं?"

उत्तर साधे होते. एकघाती. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. भिंतीवर त्या तपासणीच्या शेऱ्याची चौकट टांगलेली होती. मी घसा साफ केला.

"लक्ष कमी पडलं असेल," मी म्हणालो. "परीक्षेत मुलं घाई करतात."

निवृत्तीने मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. मला वाटले, याला काही कळलेले नाही. अशी समजूत करून घेणे मला सोयीचे होते.

बाळोबा मुलाकडे वळले. "ऐकलंस? मास्तरांनी जीव तोडून शिकवलं आन् तुजं ध्यान कुटं व्हतं रं? जिमिनीसारका तूबी गेलास म्हनायचा."

मुख्याध्यापक म्हणाले, "पुन्हा बसवा की त्याला."

"न्हाई जी. ह्यांच्या हाताखाली जमलं न्हाई, ते आता काय जमतंय? डोक्यात न्हाई त्याच्या."

माझ्या शिकवण्यावरचा त्यांचा विश्वास त्यांच्या मुलाच्या गळ्याभोवती आवळला जात होता, आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

निवृत्ती कारखान्यात मात्र गेला, आणि वर्गातल्या सगळ्यांच्या आधी गेला. भिंती अजून उठत होत्या. त्या बांधायला बिगारी हवे होते. मी एकदा रस्त्याने जाताना तो चुन्याचे घमेले डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढताना दिसला. मला पाहून तो अर्ध्यातून खाली उतरला, घमेले ठेवले, हात पुसले आणि म्हणाला, "नमस्कार, सर." मुकादम ओरडला. मी त्यानंतर शाळेला नदीकाठच्या वाटेने जाऊ लागलो. ती वाट लांबची आहे. हवा चांगली असते, असे मी घरी सांगितले.

शिकवणे मी सुधारले. ते सोपे होते. पुढच्या वर्षीपासून तांबडा खडू बंद झाला. आधी नुसत्या संख्यांची समीकरणे, मग शेताची. कुठे ऋण उत्तर राहते आणि कुठे जाते ते प्रश्नाला विचारायचे, मास्तरांना नाही, असे मी सांगू लागलो. "काही शिक्षक सरसकट खोडायला सांगतात, ते चूक आहे," असेही मी एकदा वर्गात म्हणालो. काही शिक्षक! नव्या मुलांनी ते लिहून घेतले. साहेब पुन्हा आले आणि त्यांनी याही पद्धतीला अनुकरणीय म्हटले.

मग मला शालान्त परीक्षेचा परीक्षक नेमले. परीक्षकांच्या बैठकीत प्रमुखांनी गुणांची वाटणी समजावून सांगितली. दोन समीकरणांचा प्रश्न त्याही वर्षी होता. "दुसरी जोडी नसेल तर निम्मे गुण," ते म्हणाले. "आणि एक मजा सांगतो. काही पोरं ती जोडी काढतात, बरोबर काढतात, आणि वर दोन रेघा ओढून 'अग्राह्य' लिहितात."

"असं का करतात?" एकाने विचारले.

"कुणीतरी गाढव शिकवत असणार."

सगळे हसले. "असतो एखादा," मी म्हणालो आणि त्यांच्याबरोबर हसलो.

माझ्या वाट्याला आलेल्या गठ्ठ्यात एका शाळेची मुले सलग होती. कुठली शाळा ते कळायची सोय नव्हती. पहिल्या पेपरात दोन रेघा. दुसऱ्यात दोन रेघा. पट्टीने मारलेल्या, तांबड्या पेन्सिलीने. आणि खाली माझा शब्द. त्या संमेलनातल्या कुणा भल्या शिक्षकाने माझी पद्धत इमानाने आपल्या गावी नेली होती आणि अजून चालवली होती. मी चूक माझ्या वर्गात बंद केली होती. बाहेर पाठवलेली परत बोलावली नव्हती. संमेलनाच्या लोकांना दोन ओळी लिहिल्या असत्या तरी पुरे होते. पण तेवढ्यासाठी सही करावी लागली असती.

निम्मे गुण कापायचे होते, मी कापले. नियमच तसा होता, आणि तो बरोबर होता. एका पेपराची बेरीज केली तेव्हा तो मुलगा काठाच्या खाली राहिला. कुठल्या तरी वाडीवरचा, कुणाचा तरी निवृत्ती. मी बेरीज पुन्हा करून पाहिली. बेरजेत चूक नव्हती. त्या संध्याकाळी मी संमेलनाच्या चिटणिसांना सविस्तर कळवले, नावानिशी. त्यांनी ते छापून सगळ्या शाळांना वाटले. माझ्या कीर्तीचे काय व्हायचे ते झाले. मला वाटले होते त्यापेक्षा फार कमी लोकांना तिची पर्वा होती.

आपण आता मोकळे झालो असे मला वाटले. माणूस सार्वजनिक चूक कबूल करून खाजगी चुकीतून सुटू पाहतो.

पुढे काही दिवसांनी किशनच्या दुकानात सुतळी घ्यायला गेलो. त्याने मला स्टूल दिले आणि उगाच मापे पुसत राहिला.

"सर, निवृत्तीसाठी एक काम कराल?"

"काय झालं?"

"कारखान्यात उमेदवार घेताहेत. मॅट्रिक पाहिजे, आणि वयाची अट आहे. त्याला हीच शेवटची संधी. ऑक्टोबरच्या परीक्षेला एका विषयाला बसला तर होऊन जाईल. मी रोज सांगतो त्याला फॉर्म भर म्हणून. तो म्हणतो, आबा नाही म्हणतात. तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"मी काय सांगू?"

किशनने माप खाली ठेवले. "सर, रागावू नका. आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. स्टेशनवर तुमचा चेहरा बघितला ना, तेव्हाच. तुम्ही गेल्यावर मी निवृत्तीला म्हटलं, खोडायला नको होतं यार, सरांनी उलटं शिकवलं. तो म्हणाला, गप बस. सरांबद्दल कुठं बोलायचं नाही."

"त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत..."

"माहीत होतं त्याला. सगळं."

सुतळी तिथेच राहिली. म्हणजे दाराला टेकलेल्या त्या मुलाने मान वर केली ती उत्तर ठाऊक असताना. मी खरे बोलतो की नाही एवढेच त्याला पाहायचे होते. मी बोललो नाही, आणि त्याने मला सांभाळून घेतले. इतकी वर्षे बापाची बोलणी खात होता तो माझ्या वतीने.

त्याच रविवारी मी वाडीवर गेलो. बाळोबा उरलेल्या तुकड्यात कांद्याची रोपे लावत होते. मला पाहताच हात झटकत बांधावर आले, घोंगडी अंथरली, आत चहा टाकायला सांगितले. निवृत्तीलाही सुटी होती; तो ओंजळभर रोपे घेऊन वाफ्यातच उभा राहिला.

"बसा मास्तर. पाय लागलं तुमचं आमच्या वाडीला! आरं पोरांनो, पानी आना." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याच्यावर लई म्हेनत घेतली तुमी. वाया गेली."

मी सुरुवात केली, आणि सवयीने लांबून केली. म्हणालो, समीकरणे दोन असतात, एक साधे, एक वर्गाचे. उत्तरांच्या दोन जोड्या निघतात. प्रश्न शेताचा असला तर एक गळते, नुसत्या संख्यांचा असला तर गळत नाही. बाळोबा मान डोलावत ऐकत होते. मीही माझे ऐकत होतो. मी अजूनही फळ्यासमोरच उभा होतो.

"मास्तर," त्यांनी मला थांबवले, "हे मला काय समजायचं न्हाई. तवाबी इचारलं व्हतं, आताबी इचारतो. पोराचं काय चुकलं?"

"आबा," निवृत्ती वाफ्यातून म्हणाला, "सरांना च्या तरी घेऊ द्या आदी. जाऊ द्या ना सर."

"काही चुकलं नाही," मी म्हणालो. "मी चुकीचं शिकवलं. त्यानं मी शिकवलं तसंच लिहिलं, म्हणून तो नापास झाला. न ऐकणारा पास झाला. तुम्ही विचारलंत त्या दिवशी मला हे ठाऊक होतं. तरी मी त्याच्यावर ढकललं. तुमच्याशी खोटं बोललो, बाळोबा."

चहा आला होता. कपबशी त्यांच्या हातात तशीच राहिली. ते माझ्याकडे बघत नव्हते, मुलाकडे बघत होते.

"तुला म्हाईत व्हतं?"

निवृत्तीने हातातली रोपे खाली ठेवली. "व्हय."

"मंग बोलला का न्हाईस रं? येवडी बोलनी खाल्लीस."

"सर व्हते, आबा."

बाळोबांनी कपबशी माझ्यापुढे ठेवली आणि माझ्याकडे न बघताच विचारले, "ते फारम कुटं भरायचं असतं?"

"शाळेतच. उद्या पाठवा."

"उद्या खाडा धर," ते मुलाला म्हणाले, "आन् जा." मग खाली उतरून मुलाने ठेवलेली रोपे त्यांनी स्वतः उचलली आणि पाठमोरे होऊन लावू लागले. माझ्याशी ते आणखी काही बोलले नाहीत. त्यांनी बोलावे अशी अपेक्षा करायचा मला हक्क नव्हता.

मी उठलो. निवृत्ती वाफ्यातून बाहेर येऊन नेहमीप्रमाणे माझ्या पायांकडे वाकला. मी त्याचे दोन्ही हात वरच्या वर धरले. त्यांना चुन्याने चिरा पडल्या होत्या. येताना वाटेत जुळवलेली वाक्ये मला एकही आठवेना.

"निवृत्ती," मी म्हणालो, "तू गप्प राहिलास आणि मी तुला गप्प राहू दिलं. माझं चुकलं. मला माफ कर."